क्लेटन मूरच्या वस्तू जमवायच्या असतील तर

आधी हे ठरवा: तुम्हाला लोन रेंजर जमवायचाय की क्लेटन मूर? लोन रेंजर म्हणजे अमेरिकन वेस्टर्नमधला मुखवटेवाला नायक, आणि क्लेटन मूर म्हणजे टीव्हीवर तो साकारणारा नट. ऐकायला एकच वाटतं, पण पैसे मोजायची वेळ आली की फरक कळतो. पांढरा घोडा, काळा मुखवटा आणि कमरेला दोन पिस्तुलं दिसली की विकणारा खाली 'क्लेटन मूर' लिहून मोकळा होतो. तो मुखवटा मात्र बऱ्याच जणांनी घातलेला आहे.

लोन रेंजर जन्मला १९३३ साली, डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझी रेडिओ केंद्रावर. १९३८ आणि १९३९ मध्ये रिपब्लिक कंपनीनं त्याच्यावर थिएटरात भागाभागानं दाखवायचे सिनेमे काढले. त्यात आधी ली पॉवेल होता, मग रॉबर्ट लिव्हिंग्स्टन. रेडिओवर १९४१ पासून ब्रेस बीमरचा आवाज. हा गृहस्थ नुसता आवाज देऊन थांबत नसे, पोशाख चढवून घोड्यावरून कार्यक्रमांनाही जात असे. आपला मूर आला तो टीव्हीबरोबर, १५ सप्टेंबर १९४९ ला, एबीसीवर. त्या तारखेच्या आधीची लोन रेंजरची वस्तू कितीही देखणी असली तरी ती आपल्या माणसाची नाही.

उदाहरण म्हणून अणुबॉम्बची अंगठी घ्या. किक्स नावाच्या नाश्त्याच्या सीरिअलच्या खोक्याचं झाकण आणि पंधरा सेंट पाठवले की १९४७ साली ती घरपोच यायची. बॉम्बच्या आकाराचं खोड, मागची टोपी काढून अंधारात डोळा लावला की आत बारीक ठिणग्या. आत खरंच पोलोनियम असायचं. मुलांच्या खेळण्यात! पोलोनियमचा अर्धायुकाल १३८ दिवसांचा, त्यामुळे त्या ठिणग्या केव्हाच विझल्या. 'अजून चमकते' असं कोणी लिहिलं असेल तर त्याच्याकडून अंगठीच काय, चमचासुद्धा घेऊ नका. अंगठी हवी तर जरूर घ्या, गंमतीची चीज आहे. फक्त ती १९४७ ची, म्हणजे मूरच्या आधीची, हे माहीत असू द्या.

माझा नियम सोपा आहे. त्याचा चेहरा, त्याचं नाव किंवा त्याचं हस्ताक्षर, यातलं एक तरी वस्तूवर हवं. नुसता मुखवटा असेल तर ती वस्तू लोन रेंजरची. जेवणाचे डबे, पिस्तुलं, बाहुल्या यांतला बराचसा माल या नियमात आपोआप गळतो आणि पैसे वाचतात.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. नोकरी बँकेत झाली आणि त्यातला मोठा काळ चेकवरच्या सह्या नमुना कार्डाशी ताडून बघण्यात गेला. मामा बोटीवर होता, तो कॉमिक्स आणायचा, तिथून हे वेड लागलं. माझ्या वयाच्या बायका भिशी लावतात, मी मुखवटेवाल्याचे फोटो लावते, असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात. पण या छंदात बँकेतलं शिक्षण फार उपयोगी पडलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मुखवटा की गॉगल

संग्रह फोटोंपासून सुरू करावा. फोटो पोस्टानं सपाट येतो, जागा खात नाही, आणि बऱ्याचदा त्यावर सही असते. अमेरिकन प्रसिद्धी फोटोचं नेहमीचं माप आठ बाय दहा इंच. हातात घेतला की पहिला प्रश्न: हा मूरच आहे का?

मालिकेचे एकूण भाग २२१. त्यातल्या ५२ भागांत, म्हणजे १९५२-५३ च्या हंगामात, मुखवट्यामागे जॉन हार्ट होता. पुढच्या हंगामात मूर परत आला आणि १९५७ पर्यंत राहिला. हार्टचे फोटो मूरचे म्हणून सर्रास विकले जातात. त्यात लबाडी असतेच असं नाही, विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं. ओळखायचं कसं? डोळे आणि भुवया झाकलेल्या, हॅटमुळे केसही दिसत नाहीत. उरतं काय, तर ओठ, हनुवटी, जबडा आणि कान. दोघांचा एकेक खात्रीचा, नाव छापलेला फोटो मिळवा, शेजारी ठेवा आणि कानावर लक्ष द्या. हसण्यानं ओठ बदलतात, दिव्यानं जबडा बदलतो, कानाची पाळी आणि तिचं गालाला चिकटणं बदलत नाही. पाच-सहा फोटोंनंतर डोळा बसतो. घोड्यावरून फसू नका, घोडा दोघांनाही पांढराच होता.

मग साल. यासाठी मूरच्या आयुष्यातच एक खूण आहे आणि ती मला फार आवडते. मुखवटा असलेले फोटो १९४९ पासून पुढचे कधीचेही असू शकतात, कारण मालिका संपल्यावरही तो जत्रा, मॉलची उद्घाटनं, शाळा, हॉस्पिटलं अशा ठिकाणी पोशाखात जात राहिला. लोन रेंजरचे हक्क मात्र जॅक रॅदर या उद्योजकाकडे होते, त्यानं ते १९५४ साली तीस लाख डॉलरला घेतलेले. पुढे नवा सिनेमा काढायचं ठरलं आणि १९७९ मध्ये कोर्टातून मूरला मनाई झाली: लोकांसमोर मुखवटा घालून यायचं नाही. मूर तेव्हा चौसष्ट वर्षांचा. त्यानं काय करावं? मुखवट्याच्याच अंगानं जाणारा, कानापर्यंत वळणारा रुंद काळा गॉगल चढवला आणि कार्यक्रम चालू ठेवले! तो नवा सिनेमा १९८१ मध्ये आला, त्याच्या नायकाचा आवाजसुद्धा दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागला, आणि सिनेमा आपटला. १९८४ साली मूरला मुखवटा परत मिळाला.

तेव्हा पोशाख पूर्ण पण डोळ्यावर गॉगल, असा फोटो दिसला की साल विचारायचं कारण नाही: १९७९ ते १९८४. बाजारात हे फोटो मुखवट्यातल्या फोटोंपेक्षा मागे पडतात, कारण भिंतीवर लावायला लोकांना मुखवटा हवा असतो. माझ्या मते मूरचा संग्रह म्हणायचा तर गॉगलचा एक तरी फोटो त्यात पाहिजेच. मुखवट्यात लोन रेंजर दिसतो, गॉगलमध्ये क्लेटन मूर दिसतो.

दुसरी परीक्षा कागदाची. बँकेत चेक आणि नोटा बघायला जांभळ्या प्रकाशाचा दिवा असतो, तसला छोटा टॉर्च दोन-चारशे रुपयांत मिळतो. खोलीत अंधार करून फोटोची पाठ त्याखाली धरा. साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालू लागले, ते या प्रकाशात निळसर पांढरं झगमगतं. १९४९-५० चा अस्सल प्रिंट म्हणून आलेला फोटो असा झगमगला, तर तो नंतर काढलेला प्रिंट आहे. उलट्या बाजूनं ही परीक्षा चालत नाही, म्हणजे झगमगला नाही म्हणून अस्सल ठरत नाही. पाठीवर वर्तमानपत्राचा तारखेचा शिक्का किंवा डकवलेली छापील ओळखपट्टी असेल तर तो फोटो दोन पैसे जास्त देऊन घ्या. ती पट्टी खरवडून 'स्वच्छ' करू नका.

सही

इथं थोडा वेळ थांबू, कारण पैसे सगळ्यात जास्त इथंच बुडतात.

बँकेत आम्ही सही 'वाचत' नसू. नाव वाचलं की मन ते पुरं करतं आणि चूक दिसत नाही. चेक आणि नमुना कार्ड दोन्ही उलटे धरायचे, डोकं खाली पाय वर. आता ते नाव राहत नाही, नुसत्या रेघा राहतात: कुठं चढल्या, कुठं वळल्या, दोन शब्दांत जागा किती सुटली, शेवटची रेघ कुठल्या दिशेला पळाली. घरी करून बघा, स्वतःच्याच दोन सह्या घेऊन.

त्यासाठी आधी नमुना कार्ड हवं. मूरच्या आठ-दहा निर्विवाद सह्या जमवा, म्हणजे त्यांची चित्रं. मोठ्या लिलाव घरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या असतात. हेरिटेज आणि हेक्स या दोन्ही ठिकाणी वेस्टर्न माल बराच येतो. वस्तू कोणाकडून कशी आली हे जिथं लिहिलेलं आहे, तीच सही नमुना म्हणून घ्या. १९९६ मध्ये मूरचं आत्मचरित्र आलं, 'आय वॉज दॅट मास्क्ड मॅन', त्याच्या सही केलेल्या प्रती म्हातारपणीच्या हाताचा नमुना म्हणून कामाला येतात. चित्रं दशकवार लावा. १९१४ चा जन्म, २८ डिसेंबर १९९९ ला गेला, म्हणजे शेवटच्या सह्या ऐंशी पार केलेल्या माणसाच्या आहेत. पेन्शनरांच्या सह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको की चाळिशीतली आणि ऐंशीतली सही एकाच मापानं मोजता येत नाही.

आता दहापट भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. रोजची सही वेगात होते. पेन कागदाला टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो आणि उचलल्यावरही चालू असतो, म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता होत जातो. नक्कल करणारा बघून बघून काढतो. त्याची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, कडेला बारीक थरथर, आणि जिथं तो पुढचं वळण बघायला थांबला तिथं शाईचा ठिपका. शेवट बोथट. ही थरथर म्हातारपणाच्या थरथरीहून वेगळी असते: म्हाताऱ्या हाताची रेघ हलते पण थांबत नाही, नक्कल करणाऱ्याची थांबते.

दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या तर आनंद मानू नका. तशी सही कोणालाच दोनदा जमत नाही, म्हणजे दोन्हीतली निदान एक छापील, यंत्रातली किंवा गिरवलेली आहे. बँकेत आम्ही हुबेहूब सहीला जास्त घाबरायचो.

चाहत्यांना पाठवायच्या फोटोंवर सही छापलेलीच असायची, त्यात फसवणूक नव्हती, पण आज ते 'स्वाक्षरीसह' म्हणून विकले जातात. फोटो खिडकीपाशी नेऊन तिरका करा. खरी शाई चकाकीच्या वर बसते आणि तिथं चकाकी तुटलेली दिसते. छापील सहीवरून चकाकी सलग जाते. भिंगाखाली ठिपके दिसले तर प्रश्नच मिटला.

पेनाचंही साल असतं. शार्पी मार्कर १९६४ साली बाजारात आला. खाली '१९५२' लिहून मार्करनं सही केलेली असेल तर नमस्कार करून परत करा. १९५० च्या फोटोवर तारखेविना मार्करची सही असेल, तर तेवढ्यावरून खोटी म्हणू नका. मेळाव्यात लोक जुने फोटो घेऊन यायचे आणि तो सही करून द्यायचा.

'अमक्याला सप्रेम' असं कोणाचं तरी नाव घालून दिलेली सही बाजारात स्वस्त जाते. मी मुद्दाम तीच घेते. एक तर हस्ताक्षर जास्त मिळतं, ताडून बघायला चार शब्द हाताशी येतात. दुसरं, नक्कल करणारा विकायला बसलेला असतो, तो कोणा बॉबचं नाव घालून आपलंच गिऱ्हाईक कमी कशाला करेल? आपल्या भिंतीवर बॉबचं नाव असलं तर काय बिघडलं.

मूर बऱ्याचदा नावाखाली 'द लोन रेंजर'ही लिहायचा. हॉलिवूडच्या फुटपाथवर १९८७ मध्ये त्याचा तारा बसला, त्यावरही नावाबरोबर पात्राचं नाव आहे. फक्त 'द लोन रेंजर' एवढीच सही असेल तर मात्र बीमर आठवा, हार्ट आठवा, आणि हात आखडता घ्या. उलट वटलेला चेक कधी विक्रीला दिसला तर मला कळवा! त्या काळी अमेरिकेत वटलेले चेक खातेदाराकडे परत जात, म्हणून नटांचे चेक बाजारात येतात. खात्यावरची सही दिखाऊ नसते आणि ती एका बँकेनं आधीच तपासलेली असते.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या संस्थांच्या चिकटपट्टीवर क्रमांक असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून तीच वस्तू येते का बघा. बाकी कोणाचंही 'आजीवन हमी' छापलेलं कार्ड त्या कार्डाच्या किमतीचं.

पोस्टर, लॉबी कार्ड, कॉमिक्स

मूरचे या भूमिकेतले दोन मोठे सिनेमे, १९५६ चा वॉर्नर ब्रदर्सचा आणि १९५८ चा युनायटेड आर्टिस्ट्सचा. अमेरिकन पोस्टर २७ बाय ४१ इंचांचं, लॉबी कार्ड, म्हणजे थिएटरच्या लॉबीत लावायचं चित्र, ११ बाय १४ चं आणि आठाचा संच. खालच्या कडेला नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या पोस्टरं पुरवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो, तिरक्या रेघेआधी सालाचे शेवटचे दोन आकडे. आधी इंग्रजी 'आर' असेल तर पुन्हा प्रदर्शित झाल्या वेळचं. त्या काळातली पोस्टरं घडी घालूनच थिएटरांना जात. म्हणून घड्या हा दोष समजू नका, घडीच नसलेलं १९५६ चं पोस्टर दिसलं तर भुवई उंचवा. आठाच्या संचाचा हट्टही नको. मूरचा चेहरा मोठा असलेली दोन कार्डं घ्या, बाकीच्यांत घोडे आणि धूळ.

डेल या प्रकाशकाच्या लोन रेंजर कॉमिक्सचे १९४८ ते १९६२ मध्ये १४५ अंक निघाले. सुरुवातीच्यांची मुखपृष्ठं हातानं काढलेली, शेवटच्या काही वर्षांत मुखपृष्ठावर मूरचा फोटो. आपल्याला हवेत ते फोटोवाले. मुखपृष्ठावर कॉमिक्स कोडचा, म्हणजे कॉमिक्सच्या मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन नियमावलीचा, शिक्का नाही म्हणून कोणी नक्कल म्हणेल, तर डेल त्या कोडमध्ये कधी सामीलच झालं नव्हतं, हे सांगा. आपल्या हवेत पहिली खराब होते ती पिन. पिनेभोवती तांबूस डाग पसरला असेल तर मधली पानं सुटत आलेली असतात. अंक विकत घेताना मधलं पान आहे का आणि कुपन कापलेलं नाही ना, एवढं बघितलं तरी पुरे.

ठाण्यात काय मिळतं

सही केलेला फोटो इथं मिळणार नाही, ती आशा सोडा. कॉमिक्स आणि इंग्लंडमध्ये नाताळाला निघायची जाड पुठ्ठ्याची ॲन्युअल्स मात्र अजून निघतात, कारण नौपाडा, चरई, पाचपाखाडीत जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्यात. घर रिकामं करताना माळा उतरतो आणि त्यातलं सगळं रद्दीत जातं. कुठल्या इमारतीला नोटीस लागली, कुठं सामान हलतंय, हे सोसायटीच्या वॉचमनला आणि रद्दीवाल्याला आपल्याआधी कळतं. माझा ओळखीचा रद्दीवाला इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा आला की फोन करतो.

"काकू, घोडेवाली पुस्तकं आलीत."

"मुखवटा आहे का रे?"

"एकाच्या डोळ्यावर काहीतरी काळं आहे."

तो किलोच्या भावानं मागतो, मी त्याला अंकाच्या भावानं देते. त्यात माझा स्वार्थ आहे: पुढच्या वेळीही फोन मलाच येतो.

मुंबईला जायचं तर चोरबाजारात मटन स्ट्रीट, ठाण्याहून स्लो लोकलनं सँडहर्स्ट रोडला उतरून चालत. शुक्रवारी तिथं रस्त्यावरचा जुना बाजार भरतो, त्याला पहाटे पोचावं लागतं. हिंदी पोस्टरांचं राज्य आहे, इंग्रजी सिनेमाचा माल खालच्या ढिगात. तिथली 'अस्सल जुनी' पोस्टरं भिंगाखाली बघितल्याशिवाय घेऊ नका, चहात बुडवून पिवळी केलेली असतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपास जुनी इंग्रजी पुस्तकं असतात, जाता येता नजर टाकावी. सोळा मिलिमीटरचं रीळ कुठं दिसलं तर आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे आणि ती शेजारच्या रिळांनाही बाधेल. तो डबा घरात आणू नका.

बाहेरून मागवताना

बोली लावण्याआधी कागदावर पुरा हिशेब करा. वस्तूची किंमत, लिलाव घराचं कमिशन, पोस्टेज, कार्डावरचा परकीय चलनाचा मार्कअप आणि त्यावर जीएसटी, मग कस्टम्स. ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, पोस्टेज आणि विमा धरून लागते, हे बरेच जण विसरतात. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, वेगळा. दर बदलत असतात, मागवण्याच्या आठवड्यात बघून घ्या. वीस डॉलरच्या फोटोला तीस डॉलर पोस्टेज लागत असेल, तर त्याच विकणाऱ्याकडून तीन-चार फोटो एकत्र घ्या.

विकणाऱ्याला 'गिफ्ट' लिहायला सांगू नका. उलट वस्तूचं नाव, साल आणि खरी किंमत असलेलं बिल पाकिटाबाहेर लावायला सांगा. कुरिअर ओळखपत्र मागतं, ते आधीच अपलोड करून ठेवा. पोस्टानं आलं तर बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयातून तपासून येतं आणि ड्यूटी असेल तर पोस्टमन दारात घेतो. फोटो दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट यायला हवा. घडीचं पोस्टर घडीतच येऊ द्या, गुंडाळलं की नव्या सुरकुत्या पडतात.

चांदीची गोळी, लोन रेंजरची ती ठरलेली खूण, मागवायची नाही. मूर ती चाहत्यांना वाटायचा हे खरं, पण गोळीवर त्याचं नाव नसेल तर आपल्या नियमात ती बसतच नाही. शिवाय एक्स-रेमध्ये काडतुसासारखं काही दिसलं की पार्सल अडकलं म्हणून समजा, आणि शस्त्र कायद्याची कलमं वाचत बसायची हौस कोणाला?

ठेवायचं कसं

ठाण्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते आणि पासष्टच्या पुढे बुरशी धरायला लागते. त्यामुळे जागा आधी, पाकीट नंतर. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच, ओल तिथूनच येते. माळ्यावर उन्हाळ्यात स्लॅब तापतो. आतल्या खोलीत, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर लोखंडी कपाट ही बरी जागा. आत तीनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि रंग बदलणारी सिलिका जेलची पाकिटं. निळी गुलाबी झाली की सुकवून परत ठेवायची.

प्रत्येक फोटो वेगळ्या पाकिटात, पाकीट पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, मागे आम्ल नसलेला पुठ्ठा. स्टेशनरीच्या दुकानातला नेहमीचा फोल्डर बहुतेक पीव्हीसीचा असतो. नव्या रेनकोटसारखा वास आला की तो पीव्हीसी, घेऊ नका, फोटो त्याला चिकटून बसतो. लॅमिनेशन म्हणजे वस्तूचा शेवट. सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपल काहीही नाही. कसरीसाठी आपल्या आज्यांचं वेखंड चांगलं, पुरचुंडी करून कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला न टेकता. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

फ्रेम करायचीच असेल तर मूळ फोटोची चांगली रंगीत प्रत काढा आणि प्रत टांगा. मूळ फोटोच लावायचा हट्ट असेल तर फ्रेमवाल्याच्या समोर उभं राहा. तो सवयीनं फोटो हार्डबोर्डला गमानं चिकटवतो. त्याला सांगा: चार कोपऱ्यांना कागदी खोबणी, काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची पट्टी, मागे आम्ल नसलेला पुठ्ठा. काच फोटोला टेकली की दमट हवेत पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि सुटताना चित्र घेऊन सुटतो.

शेवटी एक वही करा, लेजरसारखी आखलेली. वस्तू, माप, कोणाकडून, केव्हा, किती, बिल कुठं, आणि हा मूरच कशावरून. फोटोच्या पाठीवर नंबर घालू नका, पेन्सिलनंही नको, दाबाची खूण पुढे उमटते. नंबर पाकिटावर, चिठ्ठीनं. वहीच्या पानांचे फोटो काढून घरातल्या एका तरुण माणसाच्या फोनवर ठेवा. माझ्या भाचीकडे आहेत. तिला वेस्टर्नमध्ये काडीचा रस नाही, पण कपाटातला कुठला गठ्ठा रद्दीवाल्याला द्यायचा नाही हे तिला पाठ आहे.